घरटी एक वेल

काच फुटली होती.

बोटभर रुंद, वीतभर लांब अशी साधी काचपट्टी. डोंगरातली भेग हलते आहे की नाही, हे ओळखायची ती जुनी युक्ती. भेगेच्या दोन्ही काठांवर सिमेंटचे गोळे थापायचे आणि त्यांत ही पट्टी आडवी बसवायची. काचेला वाकणं ठाऊक नाही. डोंगर केसभर सरकला तरी ती मोडते. माणसं 'बघू', 'होईल', 'तसं काही नाही' म्हणत वेळ मारून नेतात. काचेला ती सोय नाही. म्हणून इंजिनीअरणीचा भरवसा माणसांपेक्षा काचेवर जास्त.

पहिली पट्टी फुटलेली दिसली तेव्हा तिनं एखाद्या चुकार शेळीवर आळ घेतला. दुसरी फुटलेली दिसली आणि शेळी निर्दोष सुटली. तिसरीपाशी जायला मात्र तिचे पाय तयार होईनात. शेवटी गेली, तर तिथे फटीत करंगळी मावत होती.

तिनं वर पाहिलं. आभाळ धुऊन वाळत घातल्यासारखं कोरडं. पावसाला जाऊन दोन महिने झाले होते. डोंगर पावसात सरकतो हे लहान पोरालाही कळतं. पण ऐन कोरड्या दिवसांत, कुणी हाक मारली नसताना, तो खाली का निघाला होता?

तेवढ्यात तिला आवाज आला. टप्. मग बऱ्याच वेळानं, टप्.

उताराच्या पोटात निचऱ्यासाठी नळ्या खुपसलेल्या होत्या. आत पाणी साचलं तर बाहेर पडावं, म्हणून. या दिवसांत त्या नळ्यांत कोळी जाळी विणतात. आज एका नळीचं तोंड ओलं होतं आणि जाळं वाहून गेलं होतं. कोरड्या डोंगराच्या नळीतून पाणी येणं म्हणजे निजलेल्या माणसाच्या नाकातून रक्त येण्यासारखं. कुठून आलं ते कळेपर्यंत घरातल्या कुणालाच झोप नाही.

उताराच्या पायथ्याशी गल्ली होती, दहा-बारा घरांची, सगळ्यांच्या पाठी डोंगराला टेकलेल्या. तिसऱ्या घराच्या मागच्या खिडकीत तिची सासू बसलेली दिसली. गुडघ्यांनी दगा दिल्यापासून म्हातारीचं जग त्या खिडकीएवढं झालं होतं, आणि त्या जगाचा कारभार ती चोख ठेवी. तिनं खिडकीतून हात हलवला. इंजिनीअरणीनंही हात वर केला.

ही गल्ली तिचं सासर. ऑफिसात ती मॅडम, गल्लीत तीन नंबरची सून, आणि नवरा जहाजावर नोकरीला म्हणून वर्षाचे बरेच महिने घरचा कर्ता पुरुषही तीच. गेल्या पावसाळ्यात डोंगराचा एक लचका सुटला आणि गल्लीच्या टोकाचं गॅरेज आतल्या गाडीसकट गिळून शांत झाला. माणूस गेला नाही, तो केवळ गाडीचा मालक सासुरवाडीला गेला होता म्हणून. त्या दिवसापासून तो आपल्या सासूला देव मानू लागला. गल्लीतल्या इतर जावयांना ही गोष्ट मुळीच आवडली नाही.

दुरुस्तीचं काम इंजिनीअरणीकडे आलं. डोंगरात लांब लोखंडी खिळे ठोकायचे, वर जाळी ताणायची, जाळीवर सिमेंटचा फवारा मारून सगळं एकजीव करायचं. पण अर्ध्या उतारावर एक पट्टा होता, आणि त्या पट्ट्यात खडवेल. फुटक्या दगडांत, मातीचं नाव नसलेल्या जागी उगवणारी ही वेल. तिच्या पानांवरच ठिपकी नावाचं करडं फुलपाखरू अंडी घालतं. दुसरं पान दिलं तर त्याच्या अळ्या उपाशी मरतात, पण तोंड लावत नाहीत. ही ठिपकी आता बोटांवर मोजण्याइतक्या जागी उरली होती. गंमत अशी की डोंगर थोडाथोडा ढासळत राहिला तरच वेलीला हवी तशी फुटकी जागा मिळते. फुलपाखराला डोंगर जरा सैल हवा, माणसांना घट्ट. दोघांचं भाडं एकाच घरमालकाकडे.

"माणसं मोठी की किडे मोठे?" गल्लीनं सभेत विचारलं होतं. तेव्हा इंजिनीअरीण उभी राहिली आणि म्हणाली, पट्ट्याला खिळे मारू, जाळी ताणू, सिमेंट तेवढं मारायचं नाही. पट्टा कोरडा राहिला तर टिकेल. माझ्या जबाबदारीवर.

तो 'माझ्या जबाबदारीवर' आता त्या फटीत करंगळी घालून बसला होता.

तिनं ठेकेदाराला फोन लावला.

"मॅडम, मी तेव्हाच म्हटलं होतं." ठेकेदाराचं प्रत्येक बोलणं इथूनच सुरू होई, लग्नात आहेर देतानाही तो हेच म्हणत असावा. "फवारणीचं यंत्र आणतो. संध्याकाळपर्यंत पट्टा गुळगुळीत. तुम्ही फक्त हो म्हणा."

"आत पाणी आहे."

"मग झाकूनच टाकू की!"

"झाकलं तर ते जाईल कुठं? आतून ढकलेल. सगळंच एकदम येईल खाली."

"तुमच्या मोठ्या साहेबांशी माझं बोलणं झालंय. ते म्हणतात, दुपारपर्यंत कारण कळलं तर ठीक, नाही तर झाका."

मोठे साहेब डोंगरापासून बरेच लांब राहत. दुरून डोंगर साजरे, ही म्हण त्यांच्यासारख्यांना बघूनच कुणीतरी केली असावी.

फोन ठेवून ती गल्लीत उतरली. घरात जाऊन सासूला उठवावं, का आधी कारण शोधावं, हे तिला ठरवता येत नव्हतं. कारणाशिवाय घरं सोडा म्हणावं तर आजच पट्ट्यावर सिमेंट ठरलेलं, आणि सिमेंटमागे तो धोका. न म्हणावं तर... पुढचं वाक्य ती मनातही पुरं करीना.

"काय गं, ठीक आहे ना वरती?" पाच नंबरच्या काकूंनी विचारलं. त्यांच्या हातात रिकामा कॅन होता.

"रोजचंच," ती म्हणाली, आणि आपल्या आवाजाला आपणच दचकली.

"नाही, चेहरा पांढरा दिसतोय म्हणून विचारलं."

"ऊन लागलं."

आयुष्यात इतकी साधी थाप तिनं मारली नव्हती आणि इतकी महागही. ती मागे फिरली आणि पायऱ्यांवरून पुन्हा वर चढू लागली. पट्ट्यावर मास्तर होता, त्याच्याकडे.

मास्तर म्हणजे फुलपाखरांचा अभ्यासक. शाळेत शिकवत नव्हता. पण भेटेल त्याची चूक काढायचा म्हणून गल्लीनं त्याला मास्तर केलं. गळ्यात दोरीला भिंग, खिशात चिमटा, आणि नजर कायम गुडघ्याखाली. 'घरटी एक वेल' ही त्याचीच कल्पना. पट्टा राखला तरी लोक त्यात कचरा टाकतील, वेली उपटतील, ही त्याला भीती. म्हणून त्यानं प्रत्येक घराला एकेक वेल दत्तक दिली. शेजारच्या कड्यावरून रोपं आणून पट्ट्यात लावली आणि प्रत्येकीशेजारी घराच्या नंबराची पत्र्याची पाटी. "लेकरासारखी जपा," तो म्हणाला. "पहिले काही दिवस चूळभर पाणी, मग काही नको. ही उन्हात भाजूनच मोठी होते."

लागू पडली कल्पना, अपेक्षेबाहेर लागू पडली. किडे मोठे की माणसं म्हणणारी गल्ली महिन्याभरात 'आमच्या सातला नवीन फुटवा आला, तुमच्या आठचं काय?' असं विचारू लागली. एकमेकांच्या मुलांचे मार्क विचारण्यात जो आनंद असतो, तोच.

मास्तर पालथा झोपून भिंगातून पान बघत होता.

"या, या! हे पान बघा. तळहाताएवढं! पुस्तकात नखाएवढं लिहिलंय. मी कालच कळवलंय वर, की या पट्ट्यात वेलीनं कमाल केलीय."

"अळ्या किती आहेत?"

"अळ्या..." मास्तरनं भिंग पुसलं. "अळ्या तशा कमी आहेत. पण येतील."

इंजिनीअरणीनं आजूबाजूला पाहिलं. सगळा डोंगर गवत जळून पिवळा पडलेला आणि मध्ये हा पट्टा, नुकत्याच न्हालेल्या लेकरासारखा हिरवागार. गेले कित्येक दिवस ती रोज हे हिरवं बघत होती. बघून तिला बरं वाटत होतं. आपला निर्णय बरोबर ठरतोय, याहून जास्त तिनं त्यात काही वाचलं नव्हतं.

"मास्तर, दोन महिने पाऊस नाही. ही एवढी हिरवी कशी?"

मास्तर उठून बसला.

"मी विचारलंच नाही," तो म्हणाला.

"मीही नाही."

तिनं बाही वर सारली आणि वेलीच्या बुडाशी दगडांत हात घातला. वरची खडी तापलेली होती. तिच्याखाली गारवा. आणखी खाली चिखल. मनगटापर्यंत हात आत गेला आणि बोटांना काहीतरी गोल, गुळगुळीत लागलं. तिला क्षणभर साप वाटला. तिनं ओढलं. साप असता तर बरं, अशी वस्तू बाहेर आली: काळी, बारीक प्लास्टिकची नळी. तिच्या छिद्रातून पाण्याचा थेंब हळूच फुगून मास्तरच्या पायावर पडला.

डोंगराच्या आत कुठेतरी एक खडा घरंगळल्यासारखा आवाज झाला, आणि मास्तरनं नकळत तिचा दंड धरला.

नळी ओढत, खडी उकरत ती पायऱ्यांच्या कडेनं वर गेली. मोठ्या सफाईचं काम होतं. कठड्याच्या बुडाशी चर खणून, नळी पुरून, वर गवत पुन्हा बसवलेलं. तिला एकेक फाटा फुटत गेला होता. एक पाचच्या पाटीकडे, एक सातच्या, एक आठच्या. कुणीही सुटलं नव्हतं. वरच्या रस्त्यालगत बागेची जुनी टाकी होती, तिच्या नळापाशी सगळ्या फाट्यांचं मूळ निघालं. तिथून पहिला फाटा, सगळ्यांत जुना, उघड्या टोकाशी ऊन खाऊन पांढुरका पडलेला. त्याचा माग घेत ती पट्ट्यात परत उतरली आणि पाटीपाशी थांबली.

पाटीवर तीन हा आकडा होता. तिच्या घराचा.

डोंगराची भीती होतीच, आता तिच्याशेजारी दुसरी येऊन बसली, आणि ही दुसरी घरातलीच होती.

"आधी टाकी बंद करा!" मास्तर ओरडला.

ती पुन्हा वर धावली. पण नळावर चावीच नव्हती, नुसता दांडा. ही गल्लीतल्या नळवाल्याची खोड. केलेल्या कामाला दुसऱ्या कुणी हात लावू नये म्हणून तो चावी काढून खिशात घेऊन फिरे. त्याच्या खिशात निम्म्या गावाच्या चाव्या होत्या. तिनं दांडा हातानं पिळून पाहिला, कातडी सोलली, दांडा हलला नाही. आत पाणी सुं सुं करत डोंगराकडे चाललं होतं.

ती गल्लीत आली ती धापा टाकतच, मागोमाग मास्तर.

"घरं सोडा! आत्ताच्या आत्ता. खालच्या मैदानात जा सगळे."

दारं उघडली. माणसं बाहेर आली, पण उंबऱ्यापर्यंतच.

"सकाळी तर 'रोजचंच' म्हणालीस," पाच नंबरच्या काकू म्हणाल्या.

"खोटं बोलले. डोंगर हलतोय. वेलींना पाणी कोण घालतं?"

गल्लीनं असे चेहरे केले, की पाण्याचं नावही कुणी आजवर ऐकलं नसावं.

"आम्ही आपला एक कॅन," शेवटी सात नंबर म्हणाला. "तोही कधीमधी."

"कधीमधी? रोज सकाळी खिडकीखालून जाता की! आणि वर नळी ती वेगळी," काकू म्हणाल्या.

"नळी काय आमच्याच वेलीला आहे? आठ नंबरनं घेतली म्हणून घेतली."

"मी घेतली ती तुमची वेल बघून! म्हटलं, हिला असं काय खायला घालतात?" आठ नंबर उसळला.

"पण थेंब थेंब तर पडतं! थेंबानं डोंगर कसा हलेल?"

"बारा घरांचे थेंब, दिवसरात्र, एकाच जागी," इंजिनीअरीण म्हणाली. "नळवाला कुठाय?"

नळवाला घोळक्याच्या मागे होता. तो पुढे आला, पण मान ताठ ठेवून. "काम बघा माझं. एका जोडातून गळत नाही. एवढी लांब लाइन, पण—"

"गळलं असतं तर बरं झालं असतं! निदान दिसलं असतं. चावी द्या."

त्यानं खिसा चाचपला. चाव्यांचा खुळखुळाट झाला. आणि त्याच वेळी डोंगरातून दुसरा आवाज आला, जड, खालच्या पट्टीतला, शेजारच्या खोलीत कुणी कपाट सरकवावं तसा. सगळ्यांच्या माना वळल्या. सिमेंटच्या कडेवरून धुळीची एक रेघ सावकाश खाली आली.

त्यानंतर कुणाला काही समजावून सांगावं लागलं नाही. नळवाला पायऱ्या चढत सुटला तो मागे न बघता. बाकीची गल्ली मैदानाकडे पळाली. कुणी पोरं उचलली, कुणी कागदपत्रांची पिशवी, सात नंबरनं घाईत इस्त्री उचलली.

इंजिनीअरीण घरात शिरली.

सासू मागच्या खिडकीशी खुर्चीत बसून होती. तिनं सगळं ऐकलं होतं.

"मी घातली पहिली नळी," ती म्हणाली. "नळवाल्याला बोलू नकोस. मी शपथ घातली होती त्याला, की तुला कळता कामा नये."

"का पण, आई?"

"त्या सभेतून आलीस आणि जेवली नाहीस. आठवतंय? भिंतीकडे तोंड करून झोपलीस. म्हटलं, हिनं सगळ्यांदेखत जबाबदारी घेतलीय. आणि आपल्याच घरची वेल वाळली, तर ही गल्ली हिला जगू देईल? माझे गुडघे वर चढत नाहीत, म्हणून नळी चढवली. एवढीशी धार गं. बाळाला चमच्यानं पाजावी तेवढी."

"आणि तुमची बघून बाकीच्यांनी."

"मी कुणाला सांगायला गेले होते?"

"ह्या गल्लीत सांगावं लागतं का?"

मागच्या भिंतीतून बारीक कुरकुर ऐकू येत होती. आधी उंदीर वाटावा अशी. पण उंदीर मध्ये थांबतो. ही थांबत नव्हती.

"उठा."

"मी नाही येत. माझ्या पाण्यानं येणार असेल तो, तर माझ्या अंगावर येऊ दे. तू जा."

"आई, डोंगर माणूस बघून येत नाही."

"जा म्हणते ना!"

इंजिनीअरणीनं भिंतीशी एक स्टूल ओढलं आणि ती सासूशेजारी बसली.

"हे काय?"

"तुम्ही उठलात की उठेन."

"धाक घालतेस मला?"

"हो."

म्हातारीनं तिच्याकडे बघितलं. मग भिंतीकडे. मग पुन्हा तिच्याकडे.

"चप्पल दे माझी," ती म्हणाली. "ती नको, बाहेरची."

तोवर नळवाला टाकी बंद करून उतरला होता आणि ठेकेदाराची गाडी यंत्रासकट येऊन ठेपली होती. त्याच्या दोन माणसांनी म्हातारीला खुर्चीसकट उचललं. ठेकेदारानं तोंड उघडलं, "मॅडम, मी तेव्हाच..." आणि तिचा चेहरा बघून वाक्य गिळलं.

"झाकायचं नाही," ती म्हणाली. "भोकं पाडायची. पट्ट्यातून तिरकी, आत जातील तितकी लांब. पाणी बाहेर काढायचं. छिद्रं पाडायचं यंत्र आहे ना बरोबर?"

"आहे. पण वर कोण जाणार? माझा ऑपरेटर तर..." ऑपरेटर आधीच मैदानाच्या पलीकडच्या टोकाला होता. ठेकेदारानं त्याच्याकडे बघून एक शिवी दिली, डोंगराकडे बघून दुसरी, आणि हेल्मेट स्वतःच्या डोक्यावर चढवलं. "मशीन माझंय. मेलो तर मॅडम, बायकोला सांगा, ती तेव्हाच म्हणाली होती."

तो, इंजिनीअरीण आणि मास्तर, तिघं पायऱ्यांवरून वर गेले. यंत्र उभं करायला सपाट जागा एकच होती आणि तिथंच सगळ्यांत हिरव्या वेली माजल्या होत्या. इंजिनीअरणीनं मास्तरकडे बघितलं. हे तिला त्याच्याच तोंडून ऐकायचं होतं. त्यानं भिंग न लावता एक पान उलटलं, दुसरं उलटलं.

"इथंच उभं करा," तो म्हणाला. "एकाही पानावर अंडं नाही. मला पहिल्या आठवड्यातच दिसलं होतं. मी म्हटलं, येतील." त्यानं वेल स्वतःच्या हातानं उपटली आणि बाजूला टाकली. "पण त्या वरच्या अंगाला, नळी पोचली नाही तिथं, जुन्या वाळक्या वेली आहेत. तेवढ्या सोडा. तिथं अळ्या आहेत."

पहिलं भोक कोरडं गेलं. दुसऱ्यातून लाल गाळ आला. तिसऱ्यात यंत्र अडलं, किंचाळलं, आणि मग पोलादी दांड्याभोवतून पाणी असं उसळलं, की ठेकेदार भिजून मागं पडला. गढूळ, गार पाणी. डोंगरानं इतके दिवस तोंडात धरून ठेवलेलं.

"अजून एक," इंजिनीअरीण म्हणाली, आणि तेवढ्यात तिच्या पायाखालची खडी चालू लागली.

धावल्याचं तिला नंतर आठवलं नाही. पायऱ्यांचा कठडा हातात आल्याचं आठवलं. मागे वळून पाहिलं, तर पट्ट्याची डावी बाजू, वेली आणि पत्र्याच्या पाट्यांसकट, घडी घातलेली चादर घसरावी तशी घसरत होती. घाई नव्हती तिला. तेच भयंकर होतं. जाळी फुगली, एका कडेला फाटली, खिळे वाकले, दगड खाली गेले. तीन नंबरच्या मागच्या भिंतीवर पहिला दगड आदळला तेव्हा मैदानातून एक किंकाळी आली. मग धूळ. मग काहीच दिसेना.

धूळ बसली तेव्हा ढिगारा घराच्या पाठीशी टेकून थांबला होता, दमलेल्या पाहुण्यासारखा. जाळीनं बाकीचं धरून ठेवलं होतं. पाडलेल्या भोकांतून पाणी वाहत होतं. ठेकेदार कठड्याला मिठी मारून बसला होता. मास्तर चिखलात उभा राहून वर बघत होता, आणि वरच्या अंगाच्या वाळक्या वेली होत्या तिथंच होत्या.

मैदानात सासूनं सून जवळ येईपर्यंत वाट बघितली.

"कुणी गेलं?"

"नाही."

"माझी वेल?"

"गेली."

"घर?"

"उभं आहे. मागची खिडकी गेली."

"मी तिथंच बसले होते," म्हातारी म्हणाली, आणि तिनं सुनेचा चिखलानं भरलेला हात आपल्या पदरात घेतला आणि पुसत बसली, स्वच्छ झाल्यावरसुद्धा.

नळ्यांतलं पाणी पुढे आटत गेलं आणि एके दिवशी थांबलं. टाकीचा नळ मुळासकट काढला. त्याची चावी नळवाल्यानं स्वतः आणून दिली, पहिल्यांदाच. मोठ्या साहेबांनी येऊन लांबूनच पाहणी केली आणि कोरडा उरलेला पट्टा तसाच ठेवायला मान्यता दिली. गल्ली घरांत परतली, पण डोंगराकडच्या खोल्यांत आता कुणी झोपत नव्हतं. तिथं गाद्या आणि जुनी मासिकं झोपत.

सासूला खिडकी पुन्हा बसवून दिली. तिनं नवं काम घेतलं होतं, कुणी न सांगता. पायऱ्यांवरून कुणी वर चाललं की खिडकीतून आवाज जाई.

"हातात काय आहे ते?"

"प्यायचं पाणी आहे हो, आजी!"

"इथंच पी आणि जा."

वेली बघवत नव्हत्या. पानं आखडलेली, नखाएवढी, कडेला भाजलेली. पाच नंबरच्या काकूंना ते बघून रडू येई. मास्तर मात्र रोज येऊन पालथा पडे, आणि एकदा तो खिडकीपाशी येऊन नुसता उभा राहिला. काय झालं असं सासूनं विचारलं, तर म्हणाला, "ठिपकी बसली, आजी. वाळक्या पानावर बसली. अंडी घातली तिनं."

"मला दिसली," सासू म्हणाली. "करडी ना? मला वाटलं, धूळ उडाली."

इंजिनीअरीण रोज सकाळी वर जाते आणि नव्या काचपट्ट्यांवरून बोट फिरवते. सगळ्या शाबूत असतात. तरी खाली उतरताना एकदा मागे वळते, पुन्हा जाते, पुन्हा बोट फिरवते.

परवा ती चहा पीत होती आणि आतून काच फुटल्याचा आवाज आला. लख्ख, एकदाच. कप तिच्या हातात राहिला. शेजारच्या घरात बोलणं थांबलं, त्याच्या शेजारच्यातही. साऱ्या गल्लीनं श्वास धरला होता.

"पेला फुटला गं," आतून सासूचा आवाज आला, जरा कापरा. "पेलाच आहे. बघ, तुकडे आहेत हातात."

"हात कापाल," ती म्हणाली. "ठेवा ते."

मग कप खाली ठेवून ती मागच्या दारानं बाहेर पडली आणि डोंगर बघून आली.